शहराला वळसा

"आबा, हा चहा अर्धाच प्या," मी म्हणालो. "उरलेला कुरणगावात, तुमच्या ओट्यावर बसून प्या. निवायच्या आत पोचवतो तुम्हाला."

आबासाहेब भोइट्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच उभ्याउभ्या सगळा चहा पिऊन टाकला. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केलेला माणूस. वेळेवर सोडलेलं पाणीही वेळेवर पोचत नाही, हे जन्मभर बघितलेलं.

आम्ही शिंदोली स्टेशनच्या फलाटावर उभे होतो. मे महिना. समोर दोन डब्यांची डिझेल गाडी, तिला झेंडूच्या माळा. माळा आमच्या कृती समितीच्या. या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली, पण त्या दिवशी त्या फलाटावर माझ्याइतका खात्रीचा माणूस दुसरा नव्हता.

आधी नकाशा सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मधे शहर. त्याच्या एका अंगाला शिंदोली, दुसऱ्या अंगाला कुरणगाव. दोन्हींत अंतर इतकं कमी की कुरणगावच्या डोंगराला वणवा लागला तर आधी आम्हाला दिसायचा. पण गाडीनं जायचं तर आधी शहरात शिरायचं, मोठ्या स्टेशनवर पूल चढायचा, पूल उतरायचा, दुसऱ्या गाडीची वाट बघत बसायचं आणि मग परत शहराबाहेर यायचं. अर्धा दिवस त्यात. शहरात काम कुणाचंच नसायचं. आणि शहराला बगल देऊन जाणारा रूळ नव्हता असंही नाही. मालगाडीचा एक फाटा शिंदोलीहून थेट कुरणगावला जात होता. त्याच्यावरून रोज सिमेंट जायचं. माणसं शहरातून जायची आणि सिमेंट जवळच्या वाटेनं.

माझं लग्न त्या फाट्यावर अडकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मी आईला घेऊन कुरणगावला मुलगी बघायला गेलो होतो. मी तेव्हा शिंदोलीच्या दूध शीतकरण केंद्रावर सुपरवायझर. मुलगी सुलक्षणा भोईटे, आबांची धाकटी, तिथल्या कन्याशाळेत विज्ञान शिकवायची. बाकीचं बोलणं मोठ्यांनी केलं. शेवटी तिला काही विचारायचंय का म्हटल्यावर ती म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही. शिंदोली-कुरणगाव थेट गाडी सुरू झाली, तर माझी काही हरकत नाही." तेवढ्यात तिच्या मावशीला ठसका लागला आणि त्या ताटल्या घेऊन आत गेल्या.

मला मुलगी फार आवडली. स्वच्छ बोलणारी. परत येताना मोठ्या स्टेशनच्या पुलावर आई दम खायला थांबली आणि तिनं विचारलं, काय वाटतं तुला? मी म्हणालो, होकार आहे, फक्त गाडी सुरू व्हायचीय. कधी होणार, असं तिनं विचारलं. बघतो, म्हणालो.

आणि बघायला लागलो. पुढच्याच आठवड्यात 'शिंदोली-कुरणगाव थेट रेल्वे कृती समिती' काढली. अध्यक्ष बापू करंदे, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना अध्यक्ष होण्यासाठी काहीतरी हवंच होतं. सरचिटणीस मी. निवेदनं दिली, मोर्चे काढले, एकदा स्टेशनवर घंटानाद केला. त्यासाठी तीन देवळांतून घंटा आणल्या होत्या. स्टेशनमास्तर बाहेर येऊन म्हणाले, आमची घंटा दोन वर्षांपूर्वी तडकलीय, जाताना यातली एक इथं ठेवून जा. मारुतीच्या देवळातली ठेवून आलो.

असं करत करत नाडकर्णी साहेबांपर्यंत पोचलो. नाडकर्णी साहेब वेळापत्रकाचे अधिकारी. सडपातळ, कधी हसायचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन सिमेंटच्या गाड्यांच्या मधे तासाभराची फट असते. त्या फटीतून तुमची गाडी इकडून तिकडे गेली, तर मी शिफारस करतो. एकदाच चाचणी देईन. मधे रेंगाळली तर फाइल बंद. मी म्हणालो, साहेब, पाऊण तास पुष्कळ झाला. ते म्हणाले, तेही ठीक. पण या वाटेवर प्रवासी आहेत तरी कुठे?

हे मला लागलं. मधल्या गावांमध्ये समितीची माणसं होती. मी सगळीकडे निरोप पाठवला, की चाचणीच्या दिवशी गाव स्टेशनवर दिसलं पाहिजे. दिसलं पाहिजे, एवढंच म्हणालो होतो.

आबांनाही मीच आग्रह करून बोलावलं. चाचणीच्या गाडीत मुलीच्या वडलांनी स्वतः बसून घरी जावं, म्हणजे अट पुरी झाल्याचं त्यांनी डोळ्यांनी बघितलं असं होईल. ते आदल्या दिवशी शहरातून, पुलावरून, अर्धा दिवस मोडून आले. सोबत मधुमेहाच्या गोळ्या. रात्री आईनं केलेल्या शिऱ्याला त्यांनी हात लावला नाही. कुरणगावात सुलक्षणा शाळेतल्या मुलींना घेऊन स्टेशनवर थांबणार होती. तसं आबांनीच सांगितलं. मी नवा शर्ट घातला होता.

गाडी सुटली ती अगदी वेळेवर. ड्रायव्हर मोमीन म्हणून होते, गोड माणूस. पुढे ते, त्यांच्या शेजारी घड्याळ हातात धरून नाडकर्णी साहेब, मागे बापू, आबा, मी आणि समितीचे लोक.

पहिलं गाव टाकेवाडी. लांबूनच मला मांडव दिसला. मांडव बरा होता, फक्त रुळांच्या जरा जास्तच जवळ होता. गाडी थांबली तशा बायका आरत्या घेऊन पुढे आल्या. गाडीला ओवाळायचं म्हणजे नेमकं कुठं, यावर थोडी चर्चा झाली. एका आजींनी गाडीच्या दिव्याखालची जागा म्हणजे तिचं कपाळ असं धरलं आणि तिथं कुंकू लावलं. मग सरपंचांनी रुळावर नारळ आपटला. तो न फुटता उडाला आणि गाडीच्या खाली गेला. एकजण तो काढायला आत शिरला. नारळ फुटल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं गावाचं म्हणणं. चाकाखाली माणूस असताना गाडी हलणार नाही, असं मोमीनभाईंचं म्हणणं. म्हणजे वाद असा नव्हताच.

नारळ फुटला, मग शाली आल्या. मोमीनभाईंना शाल, साहेबांना शाल, बापूंना शाल, मला शाल. सगळ्यांत शेवटी सरपंच आबांकडे वळले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, हे आपल्या घोलपांचे होणारे सासरे. आबा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. सरपंचांनी त्यात पेढा घातला.

दुसरं गाव मोराळे. तिथं सरपंच आणि उपसरपंच गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे फलाटाच्या या टोकाला एक व्यासपीठ आणि त्या टोकाला दुसरं. पहिल्या व्यासपीठावर हारतुरे झाले, बापूंचं भाषण झालं, आबांना पेढा भरवला, गाडी सुटली आणि चार डब्यांएवढं अंतर जाऊन परत थांबली. दुसऱ्या गटाचं म्हणणं पडलं, की पहिल्यांचे हार अंगावर असताना आमचे घालणार नाही. ते काढून ठेवण्यात वेळ गेला. बापूंनी तेच भाषण पुन्हा केलं. इथं टाळ्या जास्त पडल्या, कारण इथं माइक होता. आबांना इथंही पेढा.

नाडकर्णी साहेब घड्याळाकडे बघून मला म्हणाले, "घोलप, हे तुम्ही ठरवलंय?"

"नाही साहेब. हा लोकांचा प्रतिसाद आहे."

"अजून किती प्रतिसाद आहे?"

मी म्हणालो, आता मधे हिवरखिंड लागते, पण तिथं आपल्याला थांबाच नाही.

हिवरखिंडीला नेमकी तीच तक्रार होती. वळण संपलं आणि समोर रुळांवर गाव बसलेलं दिसलं. मोमीनभाईंनी गाडी उभी केली. सरपंच एक बाई होत्या, ठसठशीत. म्हणाल्या, आमच्या गावाला थांबा द्या, मगच उठतो. नाडकर्णी साहेब खिडकीतून म्हणाले, की थांबा देणं माझ्या हातात नाही.

"साहेब," बाई म्हणाल्या, "गाडी थांबलीय."

साहेबांनी खाली बघितलं. थांबली होती. त्यावर त्यांना काही सुचलं नाही. गावानं ते मौन म्हणजे मंजुरी धरली, टाळ्या वाजवल्या, लोक रुळांवरून उठले आणि थांबा दिल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. मोमीनभाईंच्या अंगावर एव्हाना चार शाली होत्या. ते घामानं निथळत होते, पण कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून एकही काढत नव्हते. आबा खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि कुणी जवळ आलं की ओठ घट्ट मिटून घेत होते. उपयोग झाला नाही. हिवरखिंडीत पेढ्याऐवजी श्रीखंडाची वडी होती. ती चपटी असते, मिटल्या ओठांतूनही आत जाते.

सोनफाट्याला सिग्नल लाल होता. इथून एक रूळ कुरणगावला जातो आणि एक शहरात. मोमीनभाई सिग्नलच्या केबिनमध्ये जाऊन बोलून आले. आमची फट संपली होती. समोरून कुरणगावची सिमेंटची गाडी निघालेली, मागून शिंदोलीची निघालेली. पुढं जाता येईना, मागं जाता येईना आणि इथं उभं राहिलं तर दोन्ही गाड्या अडणार. मोकळा रूळ एकच होता.

शहराला वळसा घालणारी आमची गाडी अशा रीतीनं शहरात शिरली आणि मोठ्या स्टेशनच्या एक नंबरच्या फलाटावर लागली. गाडी सजवलेली बघून लोक डब्यात चढायला लागले. एका बाईंनी बापूंना विचारलं, ही कुठं जाते? बापूंच्या तोंडात सवयीनं जे होतं तेच आलं. म्हणाले, ही शहरात येत नाही.

आबांनी डोळे उघडले आणि बाहेर बघितलं. "इथं मी काल आलो होतो," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

त्यांना चक्कर येत होती. आम्ही त्यांना फलाटावरच्या बाकावर आडवं केलं, उशाला माझ्या शाली दिल्या. स्टेशनवरच्या डॉक्टरांनी तपासलं. साखर चढलीय, पाणी पाजत राहा, तासाभरात ठीक होतील, घरच्या माणसाला बोलवा, म्हणाले. घरच्या माणसाला बोलवावं लागलं नाही. गाडी शहरात गेल्याचं कुरणगावच्या स्टेशनमास्तरांनी सुलक्षणाला सांगितलं होतं आणि ती मुलींना घरी पाठवून नेहमीच्या गाडीनं निघाली होती. पुलाच्या पायऱ्या उतरताना ती मला दिसली. तीन वर्षांनी बघत होतो. मी गळ्यातला हार काढायचं विसरलो होतो.

तिनं आधी आबांची नाडी बघितली. मग विचारलं, "किती पेढे?"

"मी खाल्ले नाहीत," आबा म्हणाले. "मला घातले. जिथं जाईल तिथं सासरे म्हणून घातले."

ती माझ्याकडे वळली. "सासरे?"

आबा डोळे मिटून पडले. नाडकर्णी साहेब लांबच्या बाकावर बसून काहीतरी लिहीत होते, बापू कुणाला तरी समितीचं कार्य समजावून सांगत होते. आम्ही दोघं आबांच्या पायाशी बसलो. मी तिला म्हणालो, की आज जरा उशीर झाला, पण काळजी करू नका, तुमची अट माझ्या लक्षात आहे.

तिनं आबांचे पाय नीट बाकावर घेतले. मग म्हणाली, "घोलप, ती अट नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नाही म्हणाले होते."

मला कळलं नाही. तिनं नीट, शाळेत समजावतात तसं समजावलं. कुरणगावात म्हणे स्थळाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, पाहुण्यांचा अपमान होतो. मग एखादी अट घालतात, कधीच पुरी न होणारी. समोरचा समजतो, चहा पितो आणि जातो. तिच्या आतेबहिणीनं एका हवालदाराला सांगितलं, की मुलानं आणि त्याच्या वडलांनी दोघांनीही मिशा काढाव्यात. तिच्या मैत्रिणीनं एकाला सांगितलं, तुमचं घर पाडून पूर्वेला तोंड करून पुन्हा बांधा. "थेट गाडी तर माझ्या आजोबांच्या वेळेपासून होणार होती," ती म्हणाली. "मला वाटलं, याहून स्पष्ट काय सांगायचं. मावशीला तर तिथंच हसू आवरेना. आबांनाही तुम्ही बोलावलंत तेव्हा तोंडावर नाही म्हणवेना."

"मी आंदोलन काढलं," मी म्हणालो.

"माहीतय. आधी वाटलं, तुम्हाला छंद असेल. मग घंटा वाजवल्याचं पेपरात आलं. आता शाळेत बाजूच्या वर्गाच्या बाई मला रोज विचारतात, गाडी कुठवर आली? तीन वर्षांत एक स्थळ आलं नाही मला. लोक म्हणतात, तिच्यासाठी रेल्वे चाललीय, आपण कशाला मधे पडा."

मी गळ्यातला हार काढला आणि बाकाखाली ठेवला. चूक माझी होती का, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. मी एवढंच म्हणालो, की उद्या कुरणगावात येतो आणि चारचौघांत सांगतो, आमचं काही ठरलेलं नव्हतं. मग तुम्हाला स्थळं येतील.

"आणि समिती?"

"सोमवारी नाडकर्णी साहेबांकडे जायचंय. दुसरी चाचणी मागायला."

"मी नाही म्हणाले हे कळल्यावरही?"

"गाडी तर लागतेच ना लोकांना," मी म्हणालो. "तुमचे वडील काल सकाळी निघालेत, अजून घरी पोचताहेत."

यावर ती हसली. म्हणजे आवाज न करता, पदर तोंडाला लावून, पण बराच वेळ. आबांनी एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. कुरणगावच्या गाडीची घोषणा झाली तशी ती उठली, आबांना हात दिला. पुलाच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, "उद्या यायची गरज नाही. थेट गाडी सुरू झाली, तर माझी काही हरकत नाही."

एवढं ऐकून घेतल्यावर मी आता धोका पत्करणार नव्हतो. मी सरळ विचारलं, की हे मी कसं घ्यायचं?

"मागच्या वेळी घेतलंत तसंच," ती म्हणाली आणि आबांना धरून पूल चढायला लागली.

नाडकर्णी साहेबांनी शिफारस केली. वेळेच्या रकान्यात त्यांनी चाचणी नापास केली आणि खाली लिहिलं, की प्रवाशांची एवढी गर्दी चालू असलेल्या गाड्यांनाही कधी बघितलेली नाही. सत्काराला आलेले सगळे त्यांनी प्रवासी म्हणून मोजले होते. वरून हुकूम आला, सिमेंट रात्री नेण्यात आलं आणि दिवाळीनंतर थेट गाडी सुरू झाली. हिवरखिंडीला थांबा मिळाला. आबांनी स्वतः गाडीत बसून खात्री केली, खिशात लिंबू ठेवून. मग कुरणगावला तारीख धरली.

लग्नाला आमचं वऱ्हाड थेट गाडीनं गेलं आणि सांगितलेल्या वेळेला पोचलं. याची कुणाला सवय नव्हती, त्यामुळे मांडवात तेव्हा फक्त आचारी होता. पण लग्न नीट लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, जेवणाची पहिली पंगत उठली आणि मग सुलक्षणाच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष माइकवर आले. त्यांच्या शेजारी बापू करंदे उभे होते, खूश दिसत होते.

अध्यक्ष म्हणाले, की नव्या सुनेनं रोज पहाटे उठून गाडी पकडावी, दमून परत यावं, हे संस्थेला बघवणार नाही. आमचे स्नेही करंदे यांनी महिनाभर आमच्याकडे खेपा घातल्या, हा त्यांचा आणि संस्थेचा मिळून आहेर समजावा. सुलक्षणाताईंची बदली आम्ही शिंदोलीच्या शाखेत केली आहे. कुरणगावच्या जागेवर माझी पुतणी सोमवारपासून रुजू होतेय.

मांडवानं टाळ्या वाजवल्या. शिंदोलीची शाखा आमच्या घरासमोर आहे, मधे फक्त पिठाची गिरणी.

सुलक्षणानं आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन पास काढला होता. शिंदोली ते कुरणगाव, तीन महिन्यांचा.